उगाच न हसणारी बाई

अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी नुसतं वेष घालून दारात उभं राहिलं म्हणून कुणाच्या पिशवीत चॉकलेट पडत नाही. आधी जोक सांगायचा, मग पिशवी पुढे करायची. त्या संध्याकाळला गावात मागत्यांची रात्र म्हणत असले, तरी फुकट मागणं तिथल्या चार वर्षांच्या पोरालाही कमीपणाचं वाटतं.

आणि जोक सांगायचा तर आर्लिस हॅगनला. बाकीच्या घरांत बायका जोक पुरता व्हायच्या आत "किती गोड!" म्हणून मोकळ्या होत. आर्लिस शेवटपर्यंत ऐकून घेई, क्षणभर विचार करी आणि खरंच हसू आलं तरच हसे. हसली तर दोन चॉकलेटं. नाही हसली तर एक, आणि वर एक वाक्य: "शेवट फार लांबवलास," किंवा "हा गेल्या वर्षी तुझ्या भावानं सांगितला होता." मुलं रडत नसत. उलट चांगला जोक मिळाला की तो इतर घरी न सांगता हॅगन आजीसाठी राखून ठेवत. आता ज्यांना मिशा आल्या होत्या, ते किराणा दुकानात भेटले तरी सांगत, "आजी, मी तुम्हाला हसवलं होतं, आठवतं?"

या वर्षी मात्र आर्लिसला मुलांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरी झाली नव्हती ती. जाड आवाज नीट पोचत. नवरा व्हर्लिन बोले तो ढोल वाजल्यासारखा, त्यामुळे घरात काही अडत नव्हतं. विरत होते ते बारीक आवाज. आधी पक्षी गेले, मग केटलीची शिट्टी, आणि उन्हाळ्यात कोपऱ्यावरची मुलं सायकल थांबवून काही सांगायला लागली, तेव्हा तिला त्यांचे ओठ हलताना दिसले आणि शब्दांच्या जागी वारा ऐकू आला. तिनं मान डोलावली. तेव्हापासून ती मानच डोलावत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की आपण गल्लीतली 'बिचारी म्हातारी' होऊ, लोक आपल्याशी मोठ्यानं आणि कमी बोलायला लागतील, हे तिनं आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

"दिवा लावायचा ना?" व्हर्लिननं विचारलं. पुढच्या दाराचा दिवा लागला की या घरी या, नाही तर पुढे जा, असा रिवाज.

"लावू की. न लावायला काय झालं?"

"मी सहज विचारलं बाई. ताटभर चॉकलेटं आणून ठेवलीत, तू नाही वाटलीस तर मी खाईन."

"म्हणूनच लाव."

दिवा लागला आणि आर्लिस पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसली. तिनं मनाशी एक तोड काढून ठेवली होती. सगळ्यांनाच हसायचं आणि सगळ्यांनाच दोन द्यायची. पोरं बोलायची थांबली की हसायचं, एवढंच तर काम. कुणाचं काय जातंय?

पहिल्यांदा एक चेटकीण आली, तिच्यामागे दोन वाघ. फाटकाचा दणका, पायऱ्यांवर बुटांची धपधप. हे सगळं तिला ऐकू येत होतं, मुलांचं बोलणं तेवढं येत नव्हतं. चेटकिणीचे ओठ थांबले. आर्लिस हसली. दोन चॉकलेटं. वाघ तर मुखवट्यातून बोलत होते, त्यांचे ओठही दिसेनात. तिनं खांद्यांवरून अंदाज घेतला. खांदे खाली आले, म्हणजे संपलं असावं. हसली. दोन-दोन.

वाघ खूश होऊन पळाले. चेटकीण मात्र फाटकाशी थांबून तिच्याकडे वळून बघत राहिली. आर्लिसनं नजर ताटात घातली. मागोमाग तासभर पोरं येत राहिली. इतकी वर्षं तिनं नको तिथं हसणं टाळलं होतं, आणि आता तासाभराचं सगळं हसू उसनं आणून वाटत होती. गाल दुखायला लागले. खऱ्या हसण्यानं असे दुखत नाहीत, हे तिला आजच कळलं.

मग मॅरेन आली.

मॅरेन कोपऱ्यावरच्या विटांच्या घरातली, दहा वर्षांची. गेली तीन वर्षं ती आर्लिसला हसवायचा प्रयत्न करत होती आणि तिन्ही वर्षं एकेक चॉकलेट घेऊन परत गेली होती. हरल्यावर ती कधी चिडली नाही. फक्त मान हलवून निघून जाई, पुढच्या वर्षीच्या तयारीला. या वेळी ती यंत्रमानव झाली होती. अंगावर चंदेरी कागद चिकटवलेला मोठा खोका आणि डोक्यावर छोटा, डोळ्यांपुरती फट ठेवलेला.

खोक्याच्या आतून काहीतरी सुरू झालं. आर्लिसला गुणगुण ऐकू आली. ओठ नाहीत, खांदेही खोक्यात. ती फटीकडे बघत राहिली. गुणगुण थांबली.

आर्लिस हसली. मॅरेनसाठी जरा जास्तच, मांडीवर थाप मारून.

यंत्रमानव हलला नाही. मग डोक्यावरचा खोका वर उचलला गेला आणि आतून मॅरेनचा घामेजलेला, लालबुंद चेहरा बाहेर आला. आर्लिसनं पुढे केलेली दोन चॉकलेटं तिनं ताटात परत ठेवली.

तिचे ओठ आता दिसत होते. ती काय म्हणाली ते आर्लिसला स्पष्ट वाचता आलं.

"मी श्वास घ्यायला थांबले होते. जोक अजून झालाच नाही."

आर्लिसचा हात ताटावर तसाच राहिला.

"सगळ्यांना दोन देताय तुम्ही," मॅरेन म्हणाली. "त्या चेटकीण झालेल्या क्लारालासुद्धा. क्लारा तर जोक विसरली होती, तिनं नुसतं 'हॅलो आजी' म्हटलं." तिनं बाहीनं कपाळ पुसलं. "मी मार्चपासून बसवतेय हा जोक. तुम्हाला मुलांचा कंटाळा आला असेल तर दिवा लावायचा नाही."

यातलं अर्धं आर्लिसनं ओठांवरून वाचलं आणि अर्धं चेहऱ्यावरून. कंटाळा! तिला वाटलं, आत जावं आणि दिवा मालवावा. पण मग या पोरीला तेच खरं वाटलं असतं.

"मॅरेन," ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"तुमचे आवाज. मुलांचे. या वर्षी काहीच कळत नाहीये मला. तू काय सांगितलंस, देवाशपथ मला ठाऊक नाही."

मॅरेननं तिच्याकडे नीट पाहिलं. दया-माया काही नाही, सायकलची साखळी निसटल्यावर बघावं तसं.

"काहीच नाही? व्हर्लिन आजोबांचं?"

"त्याचं येतं. जाड आवाज येतो."

"हां," मॅरेन म्हणाली. तिनं अंगावरचा खोका खडखडत काढून गवतावर ठेवला, पायऱ्या चढून आली, आर्लिसच्या खुर्चीच्या दांडीला टेकली, आणि हनुवटी छातीत घालून, घशातून, एखाद्या अस्वलानं बोलावं तसं बोलली.

"बुजगावण्याला... कावळे... का घाबरत नाहीत?"

एकेक शब्द आला. थोडा खरखरत, पण आला. आर्लिस पुढे झुकली.

"का?"

"कारण त्यांना माहीत असतं... की त्याला पगार नाही... आणि तो कशाला जीव तोडतोय!"

आर्लिसनं डोळे मिटले. सवयीप्रमाणे क्षणभर विचार केला. मॅरेन श्वास धरून उभी.

"सुरुवात चांगली आहे," आर्लिस म्हणाली. "पगारावर थांबायचं होतंस. पुढचं जास्तीचं झालं."

"मला वाटलंच होतं!" मॅरेन ओरडली. "पपांनी घालायला लावलं ते." तिनं ताटातून एकच चॉकलेट उचललं, आणि आर्लिसनं पाहिलं, पोरीच्या चेहऱ्यावरचा राग पार उतरला होता. हरली होती, पण नेहमीसारखी.

पुढे जे झालं ते आर्लिसनं थांबवलं असतं, पण तिला कळेपर्यंत उशीर झाला होता. मॅरेन फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला हात हलवून काही बजावू लागली. मुखवटे निघाले, पोरं एकामागे एक पायऱ्या चढून कानाशी येऊ लागली. परी अस्वलाच्या आवाजात बोलली. समुद्री चाचा अस्वलाच्या आवाजात बोलला. दोन वाघ फाटकातून परत आले, "आजी, मघाचा धरू नका," असं घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. मॅरेन पुढच्या घरांकडे गेली, तोवर गल्लीभर बातमी झाली होती. पलीकडची डोरीन आपल्या दारातून बघत होती. बघू दे, आर्लिसला वाटलं. एक चॉकलेट, एक, दोन, एक. चाच्याला तिनं सांगितलं की त्याचा जोक त्याच्यापेक्षा म्हातारा आहे.

"लपवायला काय झालं होतं?" मागून व्हर्लिनचा ढोल वाजला. तो ताट भरायला आला होता.

"तुला माहीत होतं?"

"टीव्ही असा लावतेस की डोरीनचं कुत्रं आपल्या बातम्या ऐकतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुणाला बोलू देतेस?"

ती काही म्हणणार तोच एक अगदी लहान मूल पायऱ्या चढून आलं. पिवळा लांब अंगरखा, वर हिरवा शेंडा, आणि चेहऱ्यावर मोठ्या कामाचं गांभीर्य. आई फाटकाशीच थांबली होती.

"ये रे मक्याच्या कणसा," आर्लिस कान पुढे करून म्हणाली.

मुलानं दोन्ही हात तिच्या कानाभोवती धरले, छाती भरून घेतली आणि जमेल तितक्या खोल, जाड आवाजात सांगितलं:

"मी... केळं... आहे."

हसू तिला आवरलंच नाही. ते पोटातून आलं, खुर्ची करकरली, ताटातली चॉकलेटं पायऱ्यांवर घरंगळली. व्हर्लिन तिच्याकडे बघून हसत सुटला, तशी ती अजूनच हसली आणि डोळे पुसायला तिनं एप्रन वर घेतला.

केळं रुसलं होतं. "जोक तर सांगायचाय अजून," ते आपल्या साध्या आवाजात म्हणालं. तिला ते ऐकू आलं नाही. तिनं त्याच्या पिशवीत दोन टाकली आणि पुन्हा कान पुढे केला.

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाकडून कुणीतरी धावत आलं. डोक्यावरचा खोका काखेत धरून मॅरेन पायऱ्यांपाशी धापा टाकत उभी राहिली. ते हसू तिला चार घरांपलीकडे ऐकू गेलं होतं.

"काय सांगितलं त्यानं?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"जोक नव्हता तो."

"पण तुम्ही हसलात!"

"हसले."

मॅरेननं केळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "ए, तू राहतोस कुठं? मार्चपासून जोक बसवायला तुझ्याकडे येते."