ताईचं कर्ज फिटलं

"युनिफॉर्म कुठाय गं?" ताईची बॅग पार तळापर्यंत उपसून आईने विचारलं.

पलंगावर कोकमं, कुळथाचं पीठ, माझ्यासाठी आणलेला कुर्ता आणि ताईचे साधे सलवार-कमीज एवढंच पडलं होतं.

"परदेशात नाही घालता येत, आई. नियम आहे."

"अगं, पण मी सगळ्यांना सांगून बसलेय! लोक तुला बघायला येतायत!"

मला आतून आनंदाच्या इतक्या उकळ्या फुटत होत्या की मी तोंड कपाटात खुपसलं.

ज्ञानदाताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आर्मीच्या हॉस्पिटलात नर्स आहे. कॅप्टन ज्ञानदा. पोस्टिंग जालंधरला. इकडे आखातात, माबेलातल्या आमच्या घरी ती पहिल्यांदाच आली होती. गेला महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. माझी वादविवाद स्पर्धेची ट्रॉफी (पहिली, इंटर-स्कूल, फायनलला मी समोरच्याला रडवलं होतं) टीव्हीशेजारून फ्रिजवर गेली आणि तिथे ताईचा फोटो आला. माझं टेबल हॉलमध्ये गेलं आणि माझ्या खोलीत नवी कॉट आली. कारण ताईचं कॉलेजचं कर्ज फिटलं होतं. म्हणजे आता आर्मी खलास आणि ताई कायमची इकडे, असं आईने परस्पर ठरवलं होतं. इथल्याच रुवी भागातल्या एका हॉस्पिटलात तिने शब्दही टाकून ठेवला होता.

शुक्रवारी दुपारी पाहुणे आले. बाबांसोबत एसी दुरुस्तीला जाणारे गुरुदत्त काका आणि वरच्या मजल्यावरच्या, मूळच्या दापोलीच्या मेहनाज आंटी.

"पोरगी असावी तर अशी!" काका सुरमई चाखत म्हणाले. "कोविडात आपले पगार कापले, तिकडे बँकेचे फोन चालू, आणि ह्या पोरीने काय केलं? सरळ आर्मीचा फॉर्म भरला. बापाला म्हणाली, तुम्ही नुसती सही केलीत, फेडणार मी."

"माशाल्ला!" आंटी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू काय करनार गं मोठी झाल्यावर?"

"मी लॉ करणार. बंगलोरला."

"अरे बापरे! परत लोन?" काका हसले. सगळे हसले. ताई नाही हसली, पण तेवढ्यात आईने सुरमईची मधली तुकडी तिच्या ताटात वाढली आणि माझं डोकंच फिरलं. ती तुकडी माझी असते. बाबासुद्धा तिला हात लावत नाहीत!

जेवण झाल्या झाल्या ताईने स्वतःचं ताट घासलं. "अगं ठेव गं," असं आई म्हणाली, तोवर ते पुसून कोरडंही झालं होतं. सकाळी उठून बघावं तर तिच्या कॉटवरची चादर अशी ताणलेली, की माझ्या पलंगाला बघून कुणालाही वाटावं इथे बकऱ्या झोपल्या होत्या. आई मला म्हणालीच, "बघ, शिक काहीतरी." मुद्दाम करते, मी मनात म्हटलं. भाव खायला.

शनिवारी सकाळी मी ओट्याशी उभी होते. आईने चहा गाळला, ताईला सोनेरी काठाचा कप, पाहुण्यांचा. मला माझा तोच कान तुटलेला मग. (परत तेच!) बोलता बोलता, न बघता, आईने चमच्याने माझ्या चहावरची साय काढून टाकली. साय दिसली की मला मळमळतं.

ताई बघत होती. मग तिने आपला कप उचलला आणि साईसकट एका दमात संपवला. औषध घेतल्यासारखा.

खोलीत आल्यावर मी विचारलं, "तुला पण साय आवडत नाही?"

"नाही."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? की आई, तुला हे माहीत नाही?" ती माझा पलंग आवरायला लागली. "बाबांना फॅमिली व्हिसा मिळाला तेव्हा माझी दहावी होती, म्हणून मला मागे ठेवलं. एका वर्षाने येशील म्हणाले. मग बारावी, मग सांगलीचं हॉस्टेल, मग आर्मी. तुझा इतका हेवा वाटायचा ना मला, स्वरू. अजून वाटतो."

"माझा?" मी किंचाळलेच. "अगं, मी तुझ्यावर जळतेय! महिनाभर! माझी ट्रॉफी फ्रिजवर आहे!"

"बघितली मी. आईला म्हटलं होतं, खाली आण." आणि ती हसली. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि चादरीचं टोक धरलं.

त्याच दुपारी आईने रुवीचा विषय काढला. "सोमवारी कागद घेऊन भेटायला बोलावलंय."

"आई, मी आर्मीतली मुदत वाढवून घेतलीय," ताई म्हणाली. "अजून पाच वर्षं."

"कुणाला विचारून? कर्ज फिटलं ना?"

"फिटलं."

"मग आता कशासाठी?"

"गेले होते कर्जासाठीच. पण आता तिथे रात्री वॉर्डात कुणी घाबरलं तर मलाच हाका मारतात. मला तिथलं सगळं येतं, आई. इथे साखरेचा डबा कुठे असतो तेही विचारावं लागतं."

"होईल की सवय! मी आहे ना!" आईचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं मी वाट कशाची बघितली?"

बाबा नखं बघत होते. "शीला, असू दे," ते शेवटी म्हणाले. "आपण फेडलं असतं तर हक्काने थांबवलं असतं."

आई उठून गॅलरीत गेली. वाळलेले कपडे काढून झाले तरी आत येईना.

सुट्टी संपल्यावर आम्ही तिला एअरपोर्टला सोडलं. "येते," ताई म्हणाली. आईने तिची ओढणी नीट केली, जी आधीच नीट होती. मग ताई काचेच्या दारातून आत गेली. पाठ ताठ, पावलं एकसारखी. साध्या चपलांतसुद्धा.

पार्किंगमध्ये बाबांनी गाडी उघडली. पुढची सीट नेहमी आईची. पण आई मागचं दार उघडून, येताना ताई बसली होती त्या बाजूला बसली आणि हात सीटवर सपाट ठेवून बाहेर बघत राहिली.

"स्वरू, बस पुढे. यल्ला, निघू या," बाबा म्हणाले.

पुढच्या सीटसाठी मी लहानपणापासून भांडतेय. मी गुपचूप बसले, पट्टा लावला आणि मागचा एसी आईच्या अंगावर जास्त येत नाही ना, ते बघितलं.