उंबराला आवतन

आसगावात धानाची ढोली, म्हणजे बांबूची मोठी कणगी, शेणानं सारवून झाली की तिच्या तोंडाशी आतून उंबरावरच्या बांडगुळाची वीतभर काडी बांधायची. मग धान पुढच्या हंगामापर्यंत पुरतं. ही काडी पुंडलिकरावांनीच आणायची, हेही ठरलेलं. उंबराला आदल्या सांजेला पिवळ्या तांदळांचं आवतन द्यावं लागतं आणि पुष्य नक्षत्राच्या पहाटे कोणाशी न बोलता बांडगूळ उतरवावं लागतं. बावीस वर्षं पुंडलिकराव हे करत आले. बदल्यात काही घेत नसत. फक्त लग्नात पहिल्या पंगतीचं पहिलं पान, भांडणात शेवटचा शब्द, आणि एरवी कुठल्याही ओसरीवर साखर जास्त घातलेला चहा.

यंदा पुष्याच्या तीन दिवस आधी पवनीहून रेणू आली. संशोधन करणारी मुलगी. गळ्यात भिंग, हातात तक्ता. बांडगुळाच्या कुळातल्या कोणत्या जाती तालुक्यात आहेत आणि कोणत्या झाडांवर किती, याची मोजदाद करायला निघालेली.

"जगात या कुळाच्या हजारेक जाती आहेत, काकाजी," गोदावरीबाईंच्या ओसरीवर तिनं पुंडलिकरावांना सांगितलं. "आसगावात मात्र एकच सापडली. एकसष्ट आंब्यांवर, चौदा मोहांवर, एका बोरीवर."

"आन उंबरावर किती?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"अकराही उंबर पाहिले, मावशी. एकावरही नाही."

पुंडलिकरावांनी बशीतला चहा परत कपात ओतला.

खरं असं होतं, की गावात एकाच उंबरावर बांडगूळ होतं, आणि पुंडलिकरावांनी पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात ते सगळं उतरवलं. पुन्हा काही ते आलं नाही. मागणी मात्र वाढत गेली. त्यांच्या गोठ्यामागचा आंबा बांडगुळानं लगडलेला होता. तेव्हापासून सांजेला चारचौघांत आवतन उंबराला, आणि पहाटे पंगतीला आंबा.

"नाही कसं म्हन्ते वं पोरी? माह्या ढोलीत हाय ना!" गोदावरीबाई उठल्या.

"नोका काढू जी! भायेर काढली का बरकत जाते!" पुंडलिकराव कधी नव्हे इतक्या चपळाईनं दारात आडवे झाले.

"कॉलेजच्या पुस्तकात फोटो येते म्हन्ते. सरका."

त्या काडी घेऊन आल्या. बांडगुळाच्या बुडाशी ते ज्या फांदीवर वाढलं तिचा तुकडा चिकटून येतो. पुंडलिकराव तो कधीच तोडत नसत. उंबराची खूण म्हणून मोठ्या ऐटीत दाखवत. रेणूनं त्याची साल नखानं खरवडली, भिंग लावलं.

"हे तर आंब्याचं लाकूड आहे."

दुपारपर्यंत पुंडलिकरावांच्या अंगणात गावातल्या बाया आपापल्या काड्या घेऊन जमल्या. त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस काड्या. रेणूनं एकेक पाहिली. बेचाळीस आंब्याच्या. एक उंबराची. ती पुंडलिकरावांच्या घरची, पहिल्या वर्षी बांधलेली आणि पुन्हा कधी न बदललेली.

"घरी उंबर आन गावाले आंबा!" गोदावरीबाई कडाडल्या. "मानूस म्हनाव का काय!"

पुंडलिकरावांना पहिल्या पंगतीचं पान डोळ्यांदेखत उचललं जाताना दिसलं. ते खाली मान घालून उभे राहिले. त्यांच्या बायको शकुंतलाबाई मात्र ताठ होत्या. बावीस वर्षांत या माणसानं त्यांच्यासाठी काहीतरी अस्सल राखून ठेवलं होतं, ही बातमी त्यांना आत्ताच कळत होती.

गोदावरीबाईंचं डोकं मात्र एकदम वेगळ्या वाटेनं गेलं.

"शकुंतलाबाई, मांगच्या जेठात चार पायली धान माह्या घरून कोनं नेलं जी?"

"पाहुणे जास्त आले होते."

"आन त्याच्या आंधीच्या साली?"

"तवा... उंदीर झाले होते."

"माह्या ढोलीत पोळ्यापर्यंत धान होतं. तुया वं?" गोदावरीबाईंनी बाजूच्या बाईला विचारलं. तिचं दिवाळीपर्यंत पुरलं होतं. बेचाळीस घरांची साक्ष झाली. ज्येष्ठातच रिकामी होणारी ढोली गावात एकच निघाली.

"म्हनजे उंबराचं कुचकामी हाय," गोदावरीबाईंनी निकाल दिला. "आंब्याचंच खरं. पुंडलिकरावायले मालूम होतं, म्हनून आमाले तेच देल्लं."

"अहो मावशी, जात एकच आहे! पक्षी बी टाकतो, ते कुठंही रुजतं. धानाशी काही संबंध नाही," रेणू म्हणाली. आंब्याच्या बेचाळीस काड्यांचा पुरावा तिनंच काढून दिला होता, त्यामुळे तिचं कोणी ऐकेना.

"बावीस वर्सं!" शकुंतलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "गावाले चांगलं वाटून देल्लं आन मले उंबर?"

"अवं, खरा तोच होता," पुंडलिकराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं आणि ते कोणालाच नको होतं.

"आंबे तं आमच्याच आवारात हायेत," कोणीतरी म्हणालं. पुंडलिकरावांना पहिल्या पंगतीचं पान पुन्हा हातचं जाताना दिसलं. म्हणजे आता प्रत्येकानं आपापलं तोडायचं. त्यांना विचारणार कोण?

"तोडाले काय लागते? पन आवतन कोन देईन?" गोदावरीबाई म्हणाल्या. "ते पुंडलिकरावच देतीन. एकूनएक आंब्याले."

पुष्याच्या आदल्या दिवशी चार वाजता पुंडलिकराव निघाले. पुढे शकुंतलाबाई पिवळ्या तांदळांचं ताट घेऊन. मागे रेणू, प्रत्येक झाडावरच्या बांडगुळाची एकेक फुलोऱ्याची डहाळी कापून वर्तमानपत्रात दाबत. उद्या सकाळनंतर आसगावच्या आंब्यांवर मोजायला काही उरणार नव्हतं.

अडतिसाव्या आंब्यापाशी पुंडलिकरावांनी गुडघे धरले.

"अवं, एखादा आंबा सुटला तं काय होते?"

"जो सुटन, तोच तुमी माह्यासाठी आनसान," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन पुढच्या बांधाला लागल्या.