बर्फातलं औषध

मांजर गुंगीत होतं. काजळी धरलेल्या, फिरत्या ड्रमावर सुई त्याच्या रक्तदाबाची रेघ ओढत होती. प्रेमलताने चिमट्यांनी मांजराच्या गळ्यातल्या दोन्ही रक्तवाहिन्या दाबल्या. असं केलं की मेंदूच्या देठाला वाटतं, अंगातला दाबच पडला. तो दाब वाढवायला धावतो आणि रेघ टेकडीसारखी वर चढते. तशी ती चढली.

तिचा अख्खा प्रबंध या रेघेवर होता. देठात सेरोटोनिन सोडलं की टेकडी बुटकी होते, म्हणजे हे द्रव्य त्या धावपळीला लगाम घालतं. नुसतं मिठाचं पाणी सोडलं तर काहीच होत नाही. निकाल इतका चोख, की तिचे मार्गदर्शक गोपाळराव सर रामदासपेठेत भेटेल त्याला अडवून तो सांगत. पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या परिषदेत ते यावरच बोलणार होते, आणि प्रेमलता प्रबंध बांधायला टाकणार होती. तिकडे उमरेडला तिच्या बाबांनी हातमागावर बसल्या बसल्या निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं, की पोरगी डॉक्टर होऊन राहिली, पण सुई न टोचणारी.

मे महिना होता, आणि नागपूरचा मे काही कुणाची गय करत नाही. उन्हाने सेरोटोनिनचं हे औषध नासू नये म्हणून सर ते बर्फाच्या थर्मासात ठेवायला लावत. मिठाच्या पाण्याचं काय नासणार? ते मेजावरच तापत पडलेलं असे. त्या दुपारी वीज गेली. ड्रम चावीचा, तो चालत राहिला. पंखा मात्र थांबला. घामाने कावलेल्या प्रेमलताने औषधाची बाटली थर्मासातून काढून गालाला लावली. फार बरं वाटलं. आणि लगेच तिने ती गालावरून काढून मेजावरच्या मिठाच्या पाण्याशेजारी धरली.

इतके महिने आपण मेंदूला औषध देत होतो, की गारवा?

ती गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तसा मोह तिला झालाही, खोटं कशाला सांगा? पण एकदा डोक्यात किडा शिरला की तो का स्वस्थ बसू देतो! तिने मिठाचं पाणी बर्फात गार केलं, देठात सोडलं आणि चिमटे लावले. रेघ जेमतेम उचलली. मग मांजराला सावरू दिलं, औषध तळहातात धरून कोमट केलं आणि तेही देऊन पाहिलं. टेकडी पुरती उभी राहिली.

तिने सरांना बोलावून आणलं.

"सर, औषधानं काही होऊन नाही राहिलं. थंडीनं होऊन राहिलं."

सरांनी ड्रमावर वाकून दोन्ही रेघा पाहिल्या. "काहून वं, हे तुले आजच सुचलं?"

"बाटली गालाले गार लागली, सर."

सर स्टुलावर बसले. प्रेमलताला रडू आवरेना, तेव्हा त्यांनी तिला रडू दिलं.

"दिल्लीले तार कर," ते मग म्हणाले. "भाषण रद्द."

"कारण काय लिहू?"

"प्रयोगात चूक सापडली म्हणून लिही."

"कोणाची, सर?"

"माझी. बर्फात ठेवायले मीच सांगितलं होतं ना? तू तर सांगितलं तसं केलं."

तिने मजकूर लिहिला आणि खाली सरांचं नाव घातलं. पेनाला टोपण लावता लावता ती थांबली. मग सरांच्या नावाशेजारी तिने आपलंही नाव लिहिलं.