एका नंबरचे दोन पेशंट

डॉक्टरांच्या दारात दोन पेशंट एकाच नंबरचं टोकन घेऊन भांडायला लागले आणि धाकटी धावत टोकनच्या मशीनपाशी गेली. टोकन देणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. तिचं पहिलंच काम!

"उद्या पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या," डॉक्टरांनी तिच्या वहिनीला बजावलं. सॉफ्टवेअरचा धंदा वहिनीचा, ही धाकटी नणंद तिच्या हाताखाली. नणंदेच्या माथी खापर फोडायची अशी आयती संधी कोण सोडतं? वहिनीने सोडली. "चूक आमची," एवढंच म्हणाली.

घरी धाकटीने कोड उघडला. "वहिनी, मी सिंगलटनच केलंय गं! म्हणजे अख्ख्या प्रोग्रामात नंबर देणारा ऑब्जेक्ट एकच. टोकनच्या दोन खिडक्यांपैकी कुणीही मागितला की आधी बघायचं, आहे का. असला तर तोच द्यायचा, नसला तरच नवा बनवायचा. मग दोन झाले कसे?"

वहिनीला चूक केव्हाच दिसली होती, पण कीबोर्ड तिने काही हिसकावला नाही. "आधी जेवून घे," म्हणाली.

पहिल्याच घासाला दादाने तोंड वाकडं केलं. "रस्सा खारट! मीठ कुणी टाकलं?"

"मी," आई म्हणाली. "चव घेतली, अळणी लागला, म्हणून मीठ आणायला वळले."

"तू वळलीस तेवढ्यात मी चव घेतली," बाबा ओशाळून म्हणाले. "अळणीच होता. मग मीही टाकलं."

धाकटीचा घास हातातच राहिला. सकाळी दोन्ही खिडक्या एकदमच उघडल्या होत्या! दोघींनी पाहिलं, दोघींना 'नाही' दिसलं, दोघींनी आपापला ऑब्जेक्ट बनवला, आणि दोन्हींनी एकपासून मोजायला सुरुवात केली.

"चव घेणाऱ्याने मीठ पडेपर्यंत चमचा सोडायचाच नाही!" ती ओरडली. "बघणं आणि बनवणं एकाच कुलपात!"

"आता रश्श्यालाही कुलूप?" बाबांनी कपाळावर हात मारला. वहिनी मात्र खुशीत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खिडक्यांवरच्या बायकांनी एकदम बटण दाबलं. एकीकडे एक नंबरचं टोकन निघालं, दुसरीकडे दोन नंबरचं.

डॉक्टर खूश झाले. "पण पुढे काही अडलं तर तुम्हीच बघा हं," ते वहिनीला म्हणाले.

"मी कशाला? काम तिचं आहे. एका कामाला दोन मालक झाले की काय होतं, ते काल तुमच्याच दारात बघितलंत ना?"

धाकटीला रडूच आलं. ती उगाचच टोकनचं मशीन पुसत राहिली.