उलटा पोहणारा मासा

मित्रांनो, मी बोटाएवढा एक म्हातारा मासा आहे. माझे अंग केशरी आहे आणि त्यावर जांभळे पट्टे आहेत. माझा जन्म समुद्रात फार खोल, प्रवाळाच्या कपारीत झाला. तिथे पाणी गार असते आणि उजेड पोचेपर्यंत निळा, फिका होतो. कपारीचे छत हीच आमची जमीन. त्या छताकडे पोट करून आम्ही उलटे पोहतो.

एका पाणबुड्याच्या जाळीत मी सापडलो आणि पाण्याच्या पिशव्या बदलत बुऱ्हाणपूरला आलो. विमलबाईंनी मला घरी आणले. त्या शाळेत शिकवत. त्यांनी काचपेटीत दगडांची कपार रचली, मंद निळा दिवा लावला, पाणी गार ठेवणारे यंत्र बसवले. त्यांच्या वर्गातली मुले मला पाहायला येत.

"बाई, हा मेला का?"

"नाही रे, मजेत आहे. उलटा आहे ना, म्हणजे खुशाल आहे."

माघात विमलबाई वारल्या. घरात त्यांचे यजमान अनंतराव आणि मी उरलो. अनंतरावांचे कापडाचे दुकान. माशांचे त्यांना काही कळत नसे. पण बायकोचा मासा जगला पाहिजे, एवढे त्यांनी मनाशी धरले होते. रविवारी विमलबाई पाणी बदलताना बादलीत समुद्राचे मीठ विरघळवत, ते त्यांनी पाहिले होते. रोज सकाळी विमलबाई पेटीत एक तांब्या साधे पाणीही घालत. तेव्हा मात्र अनंतराव दुकानात असत.

उन्हाळा लागला. पेटीतले पाणी भराभर उडू लागले. अनंतराव रोज पाण्यात मीठ कालवून ती तूट भरून काढत. पाणी जड झाले. माझे कल्ले जळत. मला छत धरवेना. मी तळाच्या वाळूवर सरळ बसून राहिलो.

अनंतरावांना बरे वाटले. "अरे वा, सीधा झाला गडी!"

एके दिवशी विमलबाईंची धाकटी बहीण मंगला जैनाबादहून आली. तिने काचेत डोकावून पाहिले.

"भाऊजी, हा सरळ का बसलाय? ताई तर म्हणायची, उलटा असला म्हणजे बरा."

अनंतरावांनी मिठाचा डबा पुढे केला. "मी तर रोज पाणी घालतो गं. मीठ घालून."

मंगलाने काचेच्या कडेचा पांढरा थर नखाने खरवडून जिभेला लावला. "अहो, आमटी आटली तर वरून मीठ टाकता का तुम्ही? पाणी उडतं, मीठ थोडंच उडतं?"

अनंतराव तांब्या घेऊन धावले.

"एकदम नको! थोडं खारं काढा, थोडं गोडं घाला. उद्या पुन्हा."

तसे त्यांनी केले. जेवणही ते पेटीजवळ बसून करत. "जाऊ नको रे," एवढेच म्हणत. हळूहळू पाणी हलके झाले, कल्ल्यांची आग थांबली. एका सकाळी मी वाळू सोडली, कपारीत शिरलो आणि छताकडे पोट केले.

अनंतरावांनी फोन लावला. "मंगला, उलटा झाला! उलटा झाला गं!" हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

मित्रांनो, कोणाला सांभाळायचे असेल तर तो सुखात कसा दिसतो, ते आधी विचारून घ्या. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारा. आता रोज सकाळी अनंतराव साध्या पाण्याचा तांब्या ओततात, वाकून मला पाहतात आणि मगच दुकान उघडायला जातात.