उघडायची गावं

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे. माझ्या खालच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, मधोमध एक उभी पांढरी रेघ आहे आणि अंगाला अजून तंबाखूचा वास येतो. मी शाळेतला फळा नव्हे, त्यामुळे पाढे आणि कविता माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. मी टीव्हीवरचा फळा आहे. हसू नका, खरंच आहे.

माझा जन्म निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत झाला. सुताराने दोन फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि मला दाराशी टांगलं. डावीकडे कुठल्या गावचा माल आला ते लिहायचं, उजवीकडे कुठला यायचा राहिला ते. लिहायला मुकादम होता, पण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. मग भीमाप्पा नावाच्या एका हमालाने खडू हातात घेतला. दिवसभर पाठीवर तंबाखूची बोदं, म्हणजे मोठे गठ्ठे, वाहायचे आणि संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन अक्षरं गिरवायची, असा तो माणूस होता. त्याचं अक्षर टपोरं आणि मोकळं होतं. मला ते फार आवडायचं.

वखार बंद पडली तेव्हा सगळ्यांनी काही ना काही नेलं. भीमाप्पाने मला डोक्यावर घेतलं. महादेवअण्णांनी गावात केबल चॅनेल काढलं होतं आणि तिथे त्याला काम लागलं होतं. त्यांच्या खोलीएवढ्या स्टुडिओत मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

आमची निपाणी कर्नाटकात, पण घरोघरी बोलणं मराठी, त्यामुळे लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस उजाडला की आमच्या भागातल्या माणसांची मोठी पंचाईत होते. मुंबईची चॅनेलं मराठीत बोलतात, पण जागा दाखवतात महाराष्ट्राच्या. बेंगळुरूची चॅनेलं आमच्या राज्याच्या जागा दाखवतात, पण कन्नडमधून, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना ती वेगाने सरकणारी अक्षरं लागत नाहीत. दिल्लीला तर अख्खा देश दाखवायचा असतो. आमची जागा म्हणजे खालच्या पट्टीतून पळणारा एक आकडा. डोळे चोळेपर्यंत तो गेलेला असायचा.

म्हणून महादेवअण्णांनी मतमोजणीच्या दिवशी मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. सकाळी आठला टपाली मतं, अर्ध्या तासाने मशीनं, मग एकेक फेरी. ज्योतिबा नावाचा बातमीदार मोजणी केंद्राबाहेरून फोन करायचा आणि भीमाप्पा माझ्यावर आकडे लिहायचा. उमेदवारांच्या नावाआधी तो निशाणीचं चित्र काढी, म्हणजे लिहितावाचता न येणाऱ्यालाही कळावं.

पहिल्याच वर्षी भोज गावाहून भीमाप्पाच्या थोरल्या बहिणीचा, तानुबाईचा फोन आला. "भीमा, आमचं गाव मोजलं काय रं?"

कुणालाच सांगता येईना. मतमोजणी गावांच्या क्रमाने होते, पण कुठलं गाव झालं आणि कुठलं राहिलं, हे कुणी लिहिलंच नव्हतं. मग भीमाप्पाने माझ्यावर मधोमध उभी रेघ मारली आणि वखारीतल्यासारखं उजवीकडे लिहिलं : उघडायची गावं. गावाचं मशीन उघडून मतं मोजून झाली की त्याचं नाव पुसायचं, आणि उजवी बाजू पूर्ण मोकळी होऊन वर अधिकाऱ्याने निकाल दिला की मगच डावीकडे लाल खडूने 'विजयी' लिहायचं. तो लाल खडू कागदाच्या पुडीत, त्याच्या वरच्या खिशात असे.

मित्रांनो, माझे ते दिवस सोन्याचे होते. निपाणीत गुलालाची पोती टीव्हीसमोर शिवलेली असायची. पोरं ओरडायची, "भीमाप्पानं लाल खडू काढला काय?" तो निघाल्याशिवाय पोत्याला कुणी सुरी लावत नसे. एवढा मान मला मिळाला. मी थोडा फुशारलोही होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे महादेवअण्णा गेले. त्यांचा मुलगा युवराज याने भिंतभर उजळणारा पडदा आणला. त्यावर आकडे आपोआप गरगर फिरत. भीमाप्पाला घरी बसवलं आणि मला मेकअपच्या खोलीचा आडोसा केलं. माझ्यावर वायरी लटकल्या, कुणी ओले रुमाल वाळत घातले. एकाच गोष्टीचा आनंद होता. त्या पडद्यासमोर बातम्या वाचायला भीमाप्पाची मुलगी पारमिता आली. बेळगावात शिकलेली, स्वच्छ वाणीची पोर. लहानपणी ती माझ्यावर खडूने बदकं काढायची. रोज पावडर लावताना तिची पाठ मला टेकलेली असायची.

गेल्या लोकसभेच्या मतमोजणीच्या आदल्या दिवशी युवराजने कार्यक्रमपत्रिका माझ्यावरच चिकटवली, म्हणून ती मी वाचली. सहाला चर्चा. आठला टपाली मतं. दर फेरीनंतर जाहिराती. आणि एक वाजता, ठळक अक्षरात, 'विजयाची पहिली बातमी'. ती वेळ एका साडीच्या दुकानाला विकली होती. जेवणाच्या वेळेला घरोघरी टीव्ही चालू असतो ना! मोजणी व्हायच्या आधीच विजयाची वेळ ठरली होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. सतरापैकी तेरा फेऱ्या झाल्या होत्या आणि छत्रीवाले कपबशीवाल्यांच्या अठरा हजारांनी पुढे होते. युवराज म्हणाला, "एवढं लीड आता कोण तोडतंय? वाच."

"सर, चार फेऱ्या हायेत अजून," पारमिता म्हणाली.

"जाहिरात लागली पारमिता. वाचणार नसशील तर ऊठ, मी दुसरीला बसवतो."

तिने वाचलं. पडद्यावर फुलं उधळली, साड्या झळकल्या आणि बाहेर गुलालाची पोती फुटली.

अर्ध्या तासाने भीमाप्पा स्टुडिओच्या दारात उभा राहिला. कित्येक वर्षांनी मी त्याला पाहिलं. पांढऱ्या सदऱ्यावर गुलाल होता. चौकात तो पोरांना थांबवायला गेला होता, गावं राहिलीत म्हणून सांगायला. पोरं हसली होती.

"त्यास्नी म्हटलं, निकाल लागला न्हाय," तो लेकीला म्हणाला. "तर म्हणत्यात, तुझीच पोरगी सांगालीया की टीव्हीवर. मी काय बोलू, पारू?"

पारमिताने मान खाली घातली. भीमाप्पाच्या मागोमाग आणखी एक माणूस आत आलं. तानुबाई. एकची बातमी ऐकून ती भोजहून मिळेल त्या गाडीने आली होती.

"मी उनात दोन तास हुबी हुतो गं," ती म्हणाली. "आमच्या गावचं मशीन उघडलं न्हाय, आणि तू निकाल दिलीस? मग मला कशाला हुबी केलीस?"

भीमाप्पाने माझ्यावरच्या वायरी काढल्या, कार्यक्रमपत्रिका सोलली आणि धोतराच्या सोग्याने मला पुसलं. ज्योतिबाला फोन लावला. मग त्याच जुन्या टपोऱ्या अक्षरात उजवीकडे आमच्या तालुक्यातली उरलेली गावं लिहिली : कारदगा, मांगूर, भोज. मला खूप भरून आलं.

पारमिताने मला स्वतः उचललं आणि झगमगत्या पडद्यासमोर आणून ठेवलं. "लाईव्ह हाय, चूक कबूल करायची नसते!" युवराज काचेपलीकडून ओरडला. पण कॅमेरावाल्याने कॅमेरा हलवला नाही.

ती म्हणाली, "एक वाजता मी विजयाची बातमी दिली. ती चूक होती. निकाल लागलेला नाही. ही गावं उघडायची आहेत." आणि तिने तिन्ही नावं सावकाश वाचली.

पुढचे दोन तास कुणी जेवलं नाही. कारदगा पुसलं गेलं, मांगूर पुसलं गेलं. बाकीच्या तालुक्यांचे आकडेही येत होते, अठरा हजारांचे चार हजार झाले, चाराचे दोन. शेवटी भोज राहिलं. आकडा आला तेव्हा भीमाप्पाने फडकं बहिणीपुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. बोटाने तिने आपल्या गावाचं नाव पुसलं, एकेक अक्षर. महिना होत आला होता तरी मतदानाची शाई तिच्या नखावर होती.

जिंकले छत्रीवालेच, साडेआठशे मतांनी. युवराज टाळी वाजवत आत आला. "बघा! आपण बरोबरच हुतो!"

"बरोबर न्हवतो," भीमाप्पा म्हणाला. "आपला अंदाज लागला." आणि अधिकाऱ्याची घोषणा झाल्यावर त्याने खिशातली पुडी लेकीच्या हातावर ठेवली. लाल अक्षरं त्या दिवशी तिने लिहिली.

साडीवाल्याने पैसे परत मागितले आणि युवराजने पारमिताला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बापलेकीने मला दोन बाजूंनी धरून घरी आणलं. आता मी त्यांच्या पडवीत आहे. पारमिता नवी नोकरी शोधते आहे. कधी कधी माझ्यासमोर उगीच उभी राहते, तेव्हा मला वाईट वाटतं, आणि तिचा अभिमानही वाटतो.

मित्रांनो, मला नवा रंग नको, टवकाही बुजवू नका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल, कदाचित तुमच्यापैकी कुणी त्या झगमगत्या पडद्यासमोर बसेल. कितीही घाई असली, वेळ कुणीही विकत घेतलेली असली, तरी आधी उजवीकडे बघा. तिथे एका गावाचं जरी नाव असलं, तरी तिथली कुणी तानुबाई अजून उन्हात उभीच आहे. ती मोजली जाईपर्यंत लाल खडू खिशातच राहू द्या.