डाव्या बाजूचं फूल

"फूल लई ओलं करू नगंस, पोरी. पाण्यानं चिकटलेलं फूल देवीचं नसतंय, आपलं असतंय."

गंगम्मा आत्याचा हा आवाज उज्वलाच्या कानात ती नऊ वर्षांची असल्यापासून होता. आत्या जाऊन आता बारा वर्षं झाली. तरी रोज सकाळी रानाईच्या देवळाच्या पायऱ्या झाडताना खराट्याच्या खसखशीत तो आवाज उठायचा, आणि त्याच्या मागोमाग आत्याची ओवी यायची:

डोंगरीच्या देवी, तुझी पायरी झाडते
मनातलं एक तुझ्या कानात सांगते

उज्वलाच्या मनातलं ते एक नांदेडच्या शाळेत चित्रकला शिकवत होतं, आणि दर रविवारी मुखेडच्या एसटीनं गावी येत होतं. अमरनाथ त्याचं नाव.

रानाईचा डोंगर मुखेडच्या पलीकडं. वर देऊळ, एक कडुनिंब, आणि गुरवाचं घर. गुरव म्हणजे उज्वलाचे वडील, शिवलिंग अप्पा. लग्न ठरवायचं, बोअर घ्यायची, बैल विकायचा, पंचक्रोशीतली माणसं आधी रानाईचा कौल घेणार. कण्हेरीची दोन फुलं ओली करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायची. उजवं आधी गळालं तर हो, डावं गळालं तर नाही. अप्पांच्या हाताला कंप सुटल्यापासून फुलं उज्वलाच लावायची.

अमरनाथची आई नीलाबाई कौलाशिवाय पाऊल टाकत नव्हती. दोन वर्षांत सात मुलींसाठी कौल लावून झाला. उदगीरची झाली, देगलूरची झाली, निलंग्याची तर परातभर पेढे घेऊन विचारून झाली. सातही वेळा डावं फूल पडलं.

"माझ्या पोरात काय खोट हाय का गं?" नीलाबाई विचारायच्या.

"खोट न्हाई काकू," उज्वला देवीकडं बघत म्हणायची. "देवीला घाई न्हाई, इतकंच."

देवीला घाई नव्हती, कारण डावं फूल उज्वला पदराला पुसून घ्यायची आणि उजवं दुधात बुडवायची. पहिल्यांदा बोटांनीच केलं तसं, तिला विचारलंही नाही. नंतर मात्र तिनं विचार करून केलं. तोंडानं सांगायला धीर नव्हता. गुरवाच्या पोरीनं आपल्यासाठी कौल फिरवला असं कळलं, तर अप्पांच्या हातून कोण कौल घेणार? आणि एवढं सांगून अमरनाथनं नुसतं हसून घेतलं तर?

तसा तो हसतच असायचा. पायरीवर बसून तो पाटीएवढ्या यंत्रावर चित्रं काढायचा. जपानी धाटणीची चित्रकथा. डोंगरावर देऊळ, लाल कमान, आणि खराटा घेतलेली, बशीएवढ्या डोळ्यांची पुजारीण. दर शुक्रवारी एक पान तो लोकांना वाचायला फोनवर टाकायचा.

"तिकडं पण देवळात पोरी झाडतात," त्यानं एकदा सांगितलं. "नशिबाच्या चिठ्ठ्या पण देतात. वाईट निघाली की चिठ्ठी तिथंच बांधून ठेवायची आन् घरी जायचं."

"बरंय की. आमच्याकडं वाईट निघालं की तुझी आई मलाच बांधून ठेवती, तासभर."

"मग लई छळती का माझी आई तुला?"

"तुझ्यापेक्षा कमी."

या शुक्रवारी दुपारी निवडायचे तांदूळ मांडीवर ठेवून तिनं नवं पान उघडलं, आणि सूप कलंडलं. चित्रातली पुजारीण फूल पदराला पुसत होती. मागं देवी तिरक्या डोळ्यानं तिच्याकडं बघत होती, आणि देवीच्या कपाळावर घामाचा हा एवढा मोठा थेंब होता.

म्हणजे त्यानं पाहिलं होतं. केव्हापासून पाहत होता कोण जाणे! पाहूनही आईला बोलला नव्हता. सांडलेले तांदूळ गोळा करता करता उज्वलानं रानाईला कबूल केलं: आता पुन्हा न्हाई.

रविवारी नीलाबाई आल्या त्या नव्या लुगड्यात. पिशवीत नारळ होता, पण नेहमीसारखा मुलीचा फोटो नव्हता.

"नाव सांगा," अप्पा म्हणाले.

"न्हाई. सात वेळा मोठ्यानं घेतलं, दृष्ट लागली. आज मनात धरलंय. पोरानं सोता सांगितलेलं नाव हाय."

उज्वलानं हातातली वाटी खाली ठेवली. पोरानं सोता? तिनं वळून पाहिलं. खांबाआड अमरनाथ उभा होता, आणि त्याला जणू मुंग्या चावत होत्या. मान हलवत होता, दोन्ही हात हलवत होता, मधेच फूल पदराला पुसल्यासारखं करून पुन्हा नको नको म्हणत होता.

नको असलेलीच दिसती, उज्वलाला वाटलं. आईनं गळ्यात मारलेली, नाव पण तिनंच वदवून घेतलेलं. शपथ कडुनिंबावर जाऊन बसली. डावं फूल पदराला पुसलं गेलं, उजवं दुधात गेलं. खांबाआड अमरनाथनं कपाळ धरलं.

टप्.

डावं.

नीलाबाई तिथंच मटकन बसल्या. "रानाई गं! उभ्या जन्मात एक पोरगी मनापासून आवडली, तिला पण न्हाई म्हणलीस?" मग उज्वलाचा हात हातात घेतला. "तुझंच नाव धरलं होतं, बाई. आता काय करू?"

अप्पांचा थरथरता हात घंटेच्या दोरीला लागला आणि घंटा आपोआप किणकिणली.

"देवीनं न्हाई म्हणलं," अप्पा हळूच म्हणाले. "माझी पोरगी हाय म्हणून दुसरा कौल मागायचा, ते बरं दिसत न्हाई. नारळ वाढवा आन् प्रसाद घ्या."

नीलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पिशवी उचलली. लुगड्याची नवी घडी कुरकुरली. अमरनाथ काही बोलायला पुढं झाला. "आई, ऐक, ते फूल..." आणि उज्वलाकडं बघून गप्प झाला. चित्रात काढलं होतं त्यानं, पण तोंडानं सांगणार नव्हता. सांगायचं असेल तर तिनंच, एवढं त्याच्या गप्प राहण्यात होतं.

उजव्या खांद्यावरचं फूल अजून दुधानं घट्ट चिकटलेलं. आपलं असतंय, आत्या म्हणाली.

"थांबा काकू." उज्वला उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "अप्पा, तुम्ही पण ऐका. मग मला फुलांना हात लावू देऊ नका, चालंल. देवी आज बोललीच न्हाई. मागच्या सात वेळा पण न्हाई बोलली. डावं फूल मी पुसत होते, उजवं दुधात भिजवत होते, आठही वेळा. उदगीरची नको होती मला. देगलूरची, निलंग्याची, कुणीच नको होती." तिनं अमरनाथकडं बोट केलं. "मला ह्यो पाहिजे, काकू. पहिल्या फुलापासून ह्योच पाहिजे."